आत किती जण आहात

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली तेव्हा माझ्या हातात त्याचीच फाइल होती. धक्का फार मोठा नव्हता. भिंतीला खांदा टेकला, एवढंच. मग दिवा गेला, डोक्यावरचा छोटा पंखा घरघरत थांबला, आणि इतका वेळ तो आवाज करत होता हे मला तो थांबल्यावर कळलं. मी चाचपडत धोक्याचं बटण दाबलं. कुठे काही वाजलं की नाही, सांगता येत नव्हतं. दुपारचे सव्वादोन झाले असावेत. अडीचला माझी भेट होती, आणि ज्याच्याशी होती त्याच्याविषयी मी फाइलमध्ये शेवटचा शेरा पेन्सिलीने लिहूनही ठेवला होता. पेन्सिलीने, कारण चौथी भेट अजून व्हायची होती. पण ती झाल्यावर शेरा बदलेल असं मला वाटत नव्हतं. फक्त वर पेन फिरवायचं होतं.

"आत किती जण आहात?"

आवाज वरून आला, तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या फटीतून. पुरुषाचा, मोकळा, जरा घोगरा. एक, असं मी म्हटलं. 

"एकच ना? मग हवेची चिंता नको. खाली बसा, ताई. बसलात का? दाराला हात लावू नका. ही पडत नाही. चार दोर आहेत, त्यातला एकटा एकसुद्धा तुम्हाला पेलेल. हातात काय आहे?"

फाइल आहे, मी म्हटलं.

"जाड आहे का? मग तिनंच वारा घ्या. कागदांचा तेवढा तरी उपयोग होऊ द्या."

मी अंधारात मांडी घालून बसले आणि फाइलने वारा घेऊ लागले. आता आठवलं की हसू येत नाही, पण तेव्हा आलं होतं. वॉचमनने लिफ्ट कंपनीला फोन केलाय, माणूस निघालाय, दहा मिनिटं धरून चला, असं तो सांगत होता, आणि मध्येच कुणालातरी, बहुधा वॉचमनलाच, काठी बाजूला ठेव, फटीत घालू नकोस, असं दटावत होता. मग पुन्हा मला. कुठल्या मजल्यावर जायचं होतं? तिसऱ्या. म्हणजे जवळजवळ पोचलाच आहात, चप्पल तिथे ठेवता येईल इतक्या जवळ. जेवलात का? जेवून येत होते. काय जेवलात ते नका सांगू, मी अजून जेवलो नाहीये. घरी कोण असतं? बाबा. आणखी? आणखी कोणी नाही. बाबा आत्ता काय करत असतील?

माहीत नाही, मी म्हटलं.

तो सेकंदभरही थांबला नाही. "मग अंदाज करा."

पेपर वाचत असतील. कुठे बसून? खिडकीपाशी. उजेड कुठल्या बाजूनं येतो? मला विचार करावा लागला. डावीकडून. खुर्ची कसली? लाकडी, एक पाय जरा आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घातलाय. पुठ्ठा कुणी घातला? आईने, मी म्हटलं, आणि मग काही म्हटलं नाही. पण त्याने ती जागा रिकामी राहू दिली नाही, पुठ्ठा किती वर्षं टिकतो यावर त्याचं स्वतःचं एक मत होतं ते तो सांगू लागला. अशी अकरा मिनिटं गेली. अकरा हे मी घड्याळात नंतर पाहिलं. आत असताना मी पहिल्यांदाच सेकंद मोजले नव्हते, आणि मला सेकंद मोजायची फार जुनी सवय आहे.

वरच्या खोलीत कुणीतरी यंत्र हाताने फिरवलं असावं. लिफ्ट दोन-तीन हिसक्यांत वर सरकली, दार उघडलं. बाहेर वॉचमन होता, दोन अनोळखी माणसं होती, आणि भिंतीला दोन्ही तळहात टेकून उभा असलेला, कपाळावर घाम आलेला लिफ्टवाला होता. माझा अडीचचा. ज्याच्या फाइलने मी वारा घेत होते तो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आधी सुटकेचं काहीतरी होतं, ते एखादी घडी घालावी तसं मिटत गेलं. "मॅडम, तुम्ही होता," तो म्हणाला, आणि आवाज अर्ध्यावर उतरला. मग तो बाजूला झाला, मला वाट दिली, आणि माझ्या चपलांकडे बघत उभा राहिला. मी त्याचा आवाज ओळखला नव्हता. ओळखणार कसा? तीन भेटींत मिळून तो माझ्याशी जेवढे शब्द बोलला होता ते मी त्याच रात्री टिपणांवरून मोजले. सेहेचाळीस. त्यातले एकतीस ‘हो’ होते.

लिफ्टवाला हे नाव आमच्या केंद्रातल्या खिडकीत बसणाऱ्या काकूंनी ठेवलं. त्यांना नावं लक्षात राहत नाहीत, धंदे लक्षात राहतात. तो चौतिशीचा होता, नऊ वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता, आणि सात महिन्यांपूर्वी त्याचा जोडीदार एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात काम करताना वरून आलेल्या लिफ्टखाली दबून मेला होता. तेव्हापासून कंपनीने याला घरी बसवलं होतं. चौकशीत दोष यंत्राचा निघाला, याचा नाही. पण याला परत कामावर घ्यायचं तर समुपदेशन केंद्राचा कागद हवा, चार भेटींनंतरचा, आणि त्या कागदावर दोन चौकटी: योग्य, अयोग्य. मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. आज गुरुवार होता. ‘अयोग्य’वर खूण झाली तर कंपनी त्याचं नाव यादीतून काढणार होती, हे पहिल्याच दिवशी त्याच्या वहिनीने काकूंना सांगितलं होतं आणि काकूंनी मला. माझा पेन्सिलीचा शेरा असा होता: अबोल. नजर टाळतो. पुरेसा अवकाश देऊनही प्रतिसाद नाही. दुःख व्यक्त करण्यास प्रतिकार. लिफ्ट टाळतो, जिना चढून येतो. अयोग्य.

भेटीची खोली लहान आहे. दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, थोड्या तिरक्या. तो कोन आम्हाला शिकवलेला आहे. मध्ये बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचं खोकं, पाण्याचा ग्लास. खोटं रोप. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे मला दिसावं आणि त्याला दिसू नये. तो आला, खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसला, तळहात मांड्यांवर पालथे ठेवले आणि माझ्या हातातल्या पेनकडे पाहू लागला. मी बसले. लिफ्टमध्ये जे झालं त्याविषयी आभार मानायला हवे होते, आणि मी मानलेही, पण ते शब्द खोलीत आल्यावर कार्यालयीन झाले. तो मान हलवून ‘हो’ म्हणाला. सत्तेचाळीस. आणि मग सवयीने, निव्वळ सवयीने, मी गप्प झाले.

हे गप्प होणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या प्रशिक्षणात एक बाई होत्या, अतिशय सुंदर गप्प बसायच्या. त्या सांगायच्या, प्रश्न विचारू नका, प्रश्न म्हणजे ढकलणं. शांतता धरून ठेवा, माणूस स्वतःच तिच्यात उतरतो. मला ते लगेच पटलं. मी प्रयोगशाळेतून आले होते. चार वर्षं काचेच्या नळ्यांमधल्या पाण्याचा रंग किती गडद झाला ते यंत्रावर मोजायचं, नोंद करायची, पुढची नळी. तिथेही हेच होतं, ढवळू नका, थांबा, जे घडायचं ते घडू द्या. त्यामुळे इथे आल्यावर मी माझी जुनी सवय नव्या कामाला लावली. शांतता मी सेकंदांत टिपायला लागले. याच्या फाइलमध्ये आहेत: पहिली भेट, सर्वांत लांब शांतता तीन मिनिटं दहा सेकंद, दुसरी, चार मिनिटं पंचावन्न, तिसरी, सहा मिनिटं वीस. मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांनी, त्या आकड्यांखाली लाल पेनने ‘छान निरीक्षण’ असं लिहिलंय. मलाही ते छान वाटलं होतं. सहा मिनिटं वीस सेकंद एक माणूस दुःखाच्या काठावर उभा आहे आणि उतरत नाहीये, असं मला त्यात दिसत होतं. आलेख वर जात होता. म्हणजे प्रतिकार वाढत होता. किती सरळ.

आता घड्याळात एक मिनिट झालं होतं. तो पेनकडेच बघत होता. मी त्याच्या गळ्याकडे पाहत होते, जिथून दहा मिनिटांपूर्वी पुठ्ठ्याचं आयुष्य आणि चार दोर आणि चप्पल आलं होतं. दमल्यासारखं वाटत होतं, आणि ते लिफ्टमुळे नव्हतं. सकाळपासून हा चौथा माणूस. रोज सहा. प्रत्येकजण काहीतरी घेऊन येतो आणि मी माझं तोंड बंद ठेवून ते घेत राहते. संध्याकाळी जबडा दुखतो, बोलून दुखावा तसा. दोन मिनिटं. या केंद्रात शहराच्या सगळ्या कडांवरून माणसं येतात, वेगळी बोली बोलणारी, वेगळे देव असलेली, कुठून कुठून उठून आलेली, म्हणून मागच्या वर्षी आम्हाला दोन दिवसांचं सांस्कृतिक जाणिवेचं शिबिर होतं. झेरॉक्सची एक चळत मिळाली. कुणाच्या डोळ्यांत बघू नये, कुणाशी हात मिळवू नये, कुणाच्या घरात निर्णय कोण घेतं. शेवटी परीक्षा. मला दहापैकी नऊ गुण पडले, भिंतीवर ते प्रशस्तिपत्र आहे, खोट्या रोपाच्या वर. आणि त्यानंतर फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला: सांस्कृतिक पार्श्वभूमी. दोन बोटं जागा. लिफ्टवाल्याच्या फॉर्मवर त्या जागेत मी लिहिलं होतं, डोंगराकडून स्थलांतर, घरी वेगळी बोली, संवादात अडचण नाही. मी ती जागा अशी भरली होती जशी रक्तगटाची भरतात. पार्श्वभूमी ही येणाऱ्याने आणायची वस्तू होती, छत्रीसारखी. तो ती दारात ठेवणार, मी ती नोंदवणार. खोलीला पार्श्वभूमी नव्हती. तिरक्या खुर्च्यांना नव्हती. त्याच्या मागच्या घड्याळाला नव्हती.

तीन मिनिटं. लिफ्टमधल्या अंधारात एकही सेकंद असा रिकामा राहिला नव्हता. मला अचानक प्रयोगशाळेतला पहिला आठवडा आठवला. तिथले सर, ज्यांना आम्ही ‘ब्लँक’ म्हणायचो, कारण ते रोज सकाळी तोच एक प्रश्न विचारायचे: ब्लँक घेतला का? म्हणजे नमुना घालण्याआधी नुसत्या पाण्याची कोरी नळी यंत्रात ठेवून यंत्र स्वतःच किती आकडा दाखवतंय ते बघितलं का. काच मळलेली असेल, दिवा जुना असेल. तो आकडा आधी वजा करायचा. नाहीतर मग, ते म्हणायचे, तुम्ही पाण्याविषयी नाही, तुमच्या काचेविषयी प्रबंध लिहिताय. आम्ही हसायचो. मी पेन खाली ठेवलं. पाणी आणते, असं काहीतरी पुटपुटून उठले. ग्लास भरलेला होता हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

बाहेर बाकावर त्याची वहिनी बसली होती. दर वेळी ती बरोबर यायची. त्याला आठव्या वर्षापासून तिनेच वाढवलं, हे फाइलमध्ये होतं, ‘अवलंबित्व’ या शब्दाखाली. ती पन्नाशीची, ठेंगणी बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. मला बघून ती उठू लागली, मी बसा म्हटलं तरी अर्धी उठलेलीच राहिली.

"मॅडम, एक विचारू का? रागावणार नसाल तर," ती म्हणाली. "त्यांचं काही चुकलंय का?"

माझ्या लक्षात येईना. कोणाचं?

"भाऊजींचं. इथून घरी येतात आणि जेवत नाहीत. मी विचारलं, काय म्हणाल्या मॅडम? तर म्हणे, काही नाही म्हणाल्या. तीनदा गेलात, तीनदा काही नाही? तर म्हणतात, त्या फार मोठ्या आहेत, रागावत नाहीत. पण माफही करत नाहीत."

मी तिच्या शेजारी बसले. ती थोडी सरकली. मग हळूहळू, आपण जास्त तर बोलत नाही ना हे माझ्या चेहऱ्यावर तपासत, तिने सांगितलं. त्यांच्याकडे खुर्चीवरच्या माणसापुढे आपण होऊन तोंड उघडत नाहीत. खुर्चीवरचा म्हणजे वयाने मोठा, नाहीतर शिकलेला, नाहीतर ज्याच्या हातात कागद आहे तो. तो विचारतो, मग सांगायचं. आणि विचारल्यावर मात्र सगळं सांगायचं, राखून ठेवायचं नाही, तो अपमान. आणि तो समोर बसवून विचारतच नसेल, नुसता बघत असेल, तर त्याचा अर्थ त्याला आधीच सगळं ठाऊक झालंय आणि त्याचं मत ठरलंय. मग खाली बघून बसून राहायचं, तो जा म्हणेपर्यंत. तिच्या सासऱ्यांनी एकदा थोरल्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, असं एक अख्खी दुपार बसवलं होतं. "त्याला आम्ही मारापेक्षा वाईट समजतो," ती म्हणाली. मग पिशवीचा बंद सारखा करत: "माझं सोडा, मला माहेरीसुद्धा वाचाळ म्हणायचे. मी भाऊजींना म्हटलं, अहो, तुम्हीच सांगून टाका ना सगळं. तर म्हणे, त्या विचारतील तेव्हा. तुम्ही विचारणार आहात ना, मॅडम? आज शेवटचा दिवस आहे म्हणून म्हटलं."

सहा मिनिटं वीस सेकंद. मी बाकावर बसून तो आकडा पाहत होते. तिसऱ्या भेटीत, या खोलीत, मी एका माणसाला सहा मिनिटं वीस सेकंद त्याच्या घरात मारापेक्षा वाईट समजतात ते दिलं होतं, आणि घड्याळ त्याच्या पाठीमागे होतं म्हणून त्याला ते किती वेळ चाललंय तेही कळत नव्हतं. आणि मी त्याची नोंद केली होती. आणि खाली लाल पेनने छान.

आत गेले तेव्हा तो होता तसाच बसला होता, फक्त मी जाताना खाली पडलेला कागदी रुमाल त्याने उचलून टेबलाच्या कडेला ठेवला होता. मी बसले. आता विचारायला हवं होतं, आणि मला विचारताच येईना. गेली दोन वर्षं मी विचारलेलंच नव्हतं. ‘त्याबद्दल थोडं सांगावंसं वाटतं का’ हा प्रश्न नसतो, ती एक उघडी खिडकी असते. मला चांगला, सरळ, उत्तर असलेला प्रश्न हवा होता आणि माझ्याकडे एकही नव्हता. म्हणून मी त्याचाच उसना घेतला.

"त्या दिवशी आत किती जण होते?"

त्याने मान वर केली. पेनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"एक," तो म्हणाला. "तो एकटाच."

मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. खड्डा किती खोल होता, किती वाजले होते, उजेड कसला होता. तो एखाद्या दुरुस्तीचा अहवाल द्यावा तसं सांगत होता, काही न वगळता, आकड्यांसकट. दोघांपैकी एकाने खाली उतरायचं आणि एकाने वर बटणापाशी थांबायचं, जागा सोडायची नाही, असा नियम आहे. त्या दिवशी खाली जायची पाळी जोडीदाराची होती. बटण बंद होतं तरी लिफ्ट आली. खाली तो दबला होता पण बोलत होता. मदत यायला चाळीस मिनिटं लागली. यांच्या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की अडकलेल्या माणसाला गप्प बसू द्यायचं नाही. विचारत राहायचं, साधंसुधं, ज्याला उत्तर आहे असं. म्हणून तो दाराशी पालथा पडून विचारत राहिला. घराला कुठला रंग देणार आहेस. धाकटी कितवीत गेली. शाळा कुठल्या रस्त्याला. दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो. तेवीस मिनिटं उत्तरं आली.

मी विचारलं, आणि पुढची सतरा?

"मी विचारत राहिलो. थांबलो असतो तर त्याला वाटलं असतं, मी निघून गेलो."

त्याने हे रडत सांगितलं नाही. खोकं टेबलावर होतं, त्याला कुणी हात लावला नाही. बाहेर काकू कुणालातरी पुढच्या मंगळवारची वेळ देत होत्या. मला पुन्हा गप्प बसावंसं वाटलं, या वेळी शिकवल्यामुळे नाही, खरोखरच. आणि ते त्याला देणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून जे विचारायची सर्वांत कमी इच्छा होती तेच विचारलं. गेल्या तीन वेळा मी गप्प बसत होते, तेव्हा काय वाटत होतं?

त्याने मांड्यांवरचे पालथे तळहात उताणे केले.

"वाटायचं, तुम्हाला कळलंय."

"काय कळलंय?"

"की मी खाली उतरायला पाहिजे होतं."

नियमाप्रमाणे त्याने थांबणंच बरोबर होतं, चौकशीच्या कागदात ते स्पष्ट लिहिलेलं आहे, पान चार. ते पान माझ्या फाइलमध्ये होतं, मी त्यानेही वारा घेतला असणार. मला ते त्याला वाचून दाखवावंसं वाटलं आणि मग वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं की मला तसं कळलेलं नाही, तसं मी कधीही समजले नव्हते, मी गप्प होते कारण मला तसं शिकवलंय, आमच्याकडे त्याला आदर समजतात. तो हे लक्षपूर्वक ऐकत होता. दुसऱ्या कंपनीच्या लिफ्टची वायर कशी जोडतात हे ऐकावं तसं. "असं असतं होय," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

मग मी शेवटचं विचारलं. कामावर जायचंय का?

"जायचंय. खड्ड्यात उतरणार नाही. बाकी सगळं करीन. जिन्यानं वर जाईन, यंत्राच्या खोलीत बसेन. खड्ड्यात नाही."

जिना चढून येतो, असं मी लिहिलं होतं. टाळतो, असं. तो जिन्यात होता म्हणून मला त्याचा आवाज ऐकू आला होता.

ते दोघं गेले तेव्हा दार उघडं राहिलं, आणि जिन्यातून वहिनीचा आवाज खाली खाली जाताना ऐकू येत राहिला. विचारलं का? काय काय विचारलं? मग आता जेवाल का? त्याचं उत्तर ऐकू आलं नाही, पण तिचं हसणं आलं. मी पुढच्या माणसाला पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि फॉर्म काढला. पेन्सिलीचं अयोग्य खोडरबराने पुसलं. कागद तिथे जरा फुगीर झाला. ‘योग्य’वर खूण केली आणि तिच्यापुढे चौकटीबाहेर लिहिलं: खड्ड्यातील काम वगळून, त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून. आणि मग वर गेले, त्या दोन बोटं जागेकडे. डोंगराकडून स्थलांतर वगैरे एका रेघेने कापलं. लहान अक्षरात लिहिलं की पहिल्या तीन भेटींत नोंदवलेली शांतता क्लायंटची नव्हती, समुपदेशकाची होती. ती वजा करून वाचावी.

मोठ्या मॅडम शुक्रवारी साडेअकराला आल्या. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, परत लावला. त्या वाईट नाहीत. त्याही रोज सहा माणसं बघतात, वीस वर्षं. हे असं स्वतःविषयी लिहायची पद्धत नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, रकाना सांस्कृतिक पार्श्वभूमीचा आहे.

"क्लायंटच्या."

"तसं छापलेलं नाहीये, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि गप्प झाल्या. अतिशय सुंदर गप्प. पूर्वी मी त्यात उतरले असते, स्वतःहून काहीतरी कबूल केलं असतं. मी विचारलं, सही करताय का? बाराला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी सही केली, आणि फॉर्म परत देताना, कुणाला तरी दुसऱ्याला सांगावं तसं म्हणाल्या की आकडे किती व्यवस्थित होते. अकरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, एका ओळीचं: खड्ड्यातील काम वगळून रुजू करून घेण्यात येत आहे. काकूंनी ते फाइलला टाचलं आणि मला विचारलं, कोण हा? मी सांगितल्यावर म्हणाल्या, अगं, मग लिफ्टवाला म्हण ना.

पण ते नंतरचं. गुरुवारी संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा बाबा खिडकीपाशी नव्हते. खुर्ची होती, पायाखाली पुठ्ठा होता, पेपर नीट घडी घालून ठेवला होता. आई गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी त्यांना अवकाश दिलाय. हे मी मैत्रिणींना याच शब्दांत सांगते. सकाळी चहा, संध्याकाळी जेवण, मध्ये त्यांच्या दुःखात मी ढवळत नाही. तेही माझ्या कामाविषयी काही विचारत नाहीत, प्रयोगशाळा का सोडली तेसुद्धा त्यांनी विचारलं नाही, आणि मला वाटत होतं की आमचं दोघांचं छान जमलंय. ते स्वयंपाकघरात होते. ओट्याशी पाठमोरे उभे राहून नळाची चावी उघडून बघत होते, हातात पाना, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मी दारात उभी राहिले. जबडा दुखत होता.

"बाबा, आज दुपारी सव्वादोनला तुम्ही काय करत होतात?"

ते झटकन वळले. पाना ओट्यावर आपटला.

"का?" ते म्हणाले. "काय झालं?"

आमच्याकडे काही झाल्याशिवाय कोणी विचारत नाही. हे कुठल्याही झेरॉक्सवर नव्हतं. काही नाही झालं, मी म्हटलं, असंच विचारलं. त्यांचा विश्वास बसला नाही. ते माझ्या चेहऱ्यावर, मग हातांवर, मग परत चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले. नळातून एक थेंब पडला. मी पुन्हा विचारलं, खिडकीत बसला होतात का, डावीकडच्या उजेडात?

"नाही," ते म्हणाले. "सव्वादोनला नाही बसत तिथे. ऊन येतं." आणि मी अजून तिथेच आहे हे बघून: "तुला वाटतं तसा उजेड तिथे डावीकडून नाही येत. दुपारी उजवीकडून येतो. तू कधी असतेस का दुपारी?"

मी चप्पल काढली, आत गेले आणि पाना हातात घेऊन विचारलं की हा कुठल्या बाजूला फिरवायचा.